माशीचे आयुष्य आणि माणसाचे



पिकलेल्या केळ्यावरचे चिलट आपण सहज हाताने उडवून लावतो. ही फळमाशी जेमतेम दोन-अडीच महिने जगते. म्हणूनच तिचे तारुण्य आणि म्हातारपण शास्त्रज्ञाला एकाच मोसमात पाहता येते. १९९८ साली अमेरिकेत सिमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत एका जनुकातील बदलाने माश्यांचे आयुष्य सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलेले आढळले.

याच बेंझर यांच्यासोबत पूर्वी माशीवर संशोधन केलेले ओबैद सिद्दिकी हे अलीगढचे विद्यार्थी. तरुणपणी त्यांचे प्रयोगासाठी लावलेले गव्हाचे पीक गारपिटीने गेले. गारपीट म्हणजे काय, हे परभणीकरांना सांगायला नको! त्यांनी विषय बदलला, पण विद्या सोडली नाही. १९६२ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. २००६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

पालकहो, आयुष्य किती, हे अल्लाहच्या हाती. ते कशात घालवायचे, हे आपल्या. एक वर्ष वाया गेले म्हणून मुलाला गॅरेजवर धाडू नका, मुलीला घरी बसवू नका. पुढच्या पेरणीपर्यंत धीर धरा.

खुदा हाफिज.