व्यंगचित्रातला तरुण आणि कोशातला शब्द



आळंद तालुक्यातल्या आमच्या गावी सोलापूरचे वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने येई. त्यातल्या व्यंगचित्रांत वरचेवर एक तरुण दिसे : मानेवर रुळणारे केस, बेलबॉटम, गळ्यात माळ. तो हिप्पी. १९७२च्या दुष्काळात माझे थोरले भाऊ, अण्णा, खडी फोडायच्या कामावर होते. त्यांचे केस वाढले आणि पारावरच्या मंडळींनी त्यांना हिप्पी ठरवले. मराठी, कानडी, दखनी, तिन्ही भाषांत तोच शब्द. केस का वाढले, हे कोणी विचारले नाही. बलुत्याला धान्य उरले नव्हते आणि न्हावी गाव सोडून गेला होता.

असे आपल्याकडेच घडले असे नाही. महायुद्धानंतर लंडनमधले कामकरी वर्गातले तरुण एडवर्ड राजाच्या काळाची आठवण देणारे लांब कोट आणि तंग विजारी घालू लागले. ही फॅशन मुळात श्रीमंतांसाठी निघालेली. १९५३ साली ‘डेली एक्स्प्रेस’ने ‘एडवर्ड’चे ‘टेडी’ केले आणि ‘टेडी बॉय’ हे नाव रूढ झाले. व्यंगचित्रकारांची सोय झाली. लांब कोट आणि केसांचा फुगा काढला की वाचक ओळखी, हा गुंड. १९६४ साली स्कूटरवाले ‘मॉड’ आणि मोटारसायकलवाले ‘रॉकर’ समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत भिडले. वृत्तपत्रांनी त्या मारामाऱ्या किती फुगवल्या, ते स्टॅन्ले कोहेन यांनी १९७२च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले.

दोष व्यंगचित्रकलेचा नव्हे. चार रेषांत माणूस ओळखू यावा, हे तिचे कामच आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेल्या शि. द. फडणीसांचे बसथांब्याचे चित्र आठवा : तरुणीच्या साडीवर मांजरे, तरुणाच्या शर्टावर उंदीर. तिथेही बोलतात ते कपडेच. पण आपण हसतो ते प्रसंगाला. त्या दोघांना नावे ठेवीत नाही.

अण्णांनी पुढे जन्मभर केस बारीक ठेवले, तरी गावात ते हिप्पीच राहिले. म्हणून बीदर-कलबुर्गीकडचे शब्द गोळा करणाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘हिप्पी : लांब केसांचा तरुण’ एवढ्यावर थांबू नका. कोणी, कोणाला आणि कशावरून म्हटले, तेही विचारा, आणि ज्याला म्हटले त्याचे उत्तरही टिपून ठेवा.