पसंती दोन्ही बाजूंची



आपल्यातल्या कुणा प्रशिक्षण व नियोजन अधिकाऱ्याला अधिवेशनाचे अध्यक्ष केले की आता हा प्लेसमेंटचे आकडे वाचून दाखवणार, अशी श्रोत्यांना धास्ती असते. सर्वोच्च पॅकेज किती, सरासरी किती, कंपन्या किती आल्या. तो तक्ता प्रत्येकाच्या माहितीपुस्तिकेत छापलेला आहेच. आज त्याला सुट्टी देऊ. मला बोलायचे आहे ते त्याच्या आधीच्या प्रश्नावर. कोणता विद्यार्थी कोणत्या कंपनीत जाणार, हे ठरते कसे आणि ठरवतो कोण?

प्रश्न आजचाच आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ (ओजेटी) श्रेयांकांसह अभ्यासक्रमात आणले. पदव्युत्तर वर्गाला चार श्रेयांकांचे ओजेटी आले आणि ते घडवून आणण्याची जबाबदारी अर्थातच आपल्या टेबलावर आली. मग आपण काय करतो? व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो, “पाच मुलं हवीत, सोमवारपासून, स्टायपेंड नाही, सर्टिफिकेट मिळेल.” आपण तो वर्गाच्या ग्रुपवर ढकलतो. उरलेली मुले काका-मामांच्या ओळखीने कुठले तरी लेटरहेड मिळवतात. काम काय, शिकवणार कोण, हे कुणी विचारत नाही. याला जुळवणी म्हणत नाहीत. याला वाटप म्हणतात.

काम आणि शिक्षण आलटून पालटून चालवण्याची रीत, म्हणजे ‘को-ऑप’, शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने १९०६ साली २७ विद्यार्थ्यांवर ती सुरू केली. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक आठवडाभर कारखान्यात, दुसरा वर्गात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. मालकाचे यंत्र एक दिवसही रिकामे राहत नसे. नियोक्त्याला काय हवे, हे श्नायडरला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते: कामात खंड न पडता माणूस.

या रीतीचा सगळ्यात मोठा विस्तार कॅनडात, ऑन्टारिओतल्या वॉटर्लू विद्यापीठात झाला. त्याच्या मुळाशी एक उद्योगपती होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीच्या कॅनडा शाखेचे अध्यक्ष आयरा नीडल्स यांनी १९५६ साली तिथल्या रोटरी क्लबात भाषण केले. देशाला दीड लाख अभियंते लागणार आहेत आणि ते नेहमीच्या पद्धतीने तयार होणार नाहीत, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी, जुलै १९५७ मध्ये, ७४ विद्यार्थी घेऊन वर्ग सुरू झाले. पहिले अध्यक्ष जेराल्ड हेगी. आज तिथे चार महिने वर्ग, चार महिने काम, असे वर्षाचे तीन भाग आहेत. एक तुकडी परतली की दुसरी निघते, त्यामुळे कंपनीला उन्हाळा असो वा हिवाळा, विद्यार्थी मिळतोच. अभियांत्रिकीची पदवी पाच वर्षांनी हाती पडते, तोवर जवळजवळ दोन वर्षांचे पगारी काम गाठीशी असते.

आता मुख्य मुद्दा. इतकी मुले आणि इतक्या कंपन्या, दर चार महिन्यांनी नव्याने; जुळवायचे कसे? वॉटर्लूने त्यासाठी स्वतंत्र इमारत ठेवली आहे, टॅथम सेंटर. तिथे मुलाखतींच्या लहान लहान खोल्या आहेत. कंपनीची माणसे खोलीत बसतात आणि नीटनेटके कपडे घातलेली मुले बाहेर आपल्या वेळेची वाट पाहतात. हल्ली बऱ्याच मुलाखती पडद्यावर होतात, पण रचना तीच. काम काय, ठिकाण कोणते, कोणती कौशल्ये हवीत, हे कंपनीने आधी लिहून द्यायचे. विद्यार्थ्याने ते वाचून अर्ज करायचा. मुलाखती संपल्या की दोन्ही बाजू स्वतंत्रपणे पसंतीक्रम नोंदवतात. कंपनी लिहिते, ही मुलगी माझी पहिली, हा मुलगा तिसरा. विद्यार्थी लिहितो, ही कंपनी पहिली, ती दुसरी. मुख्य फेरीची रीत अशी की दोघांचे क्रमांक बेरजेला घ्यायचे आणि सर्वांत कमी बेरजेची जोडी आधी जुळवायची. एक आणि एक दोन आले की प्रश्नच मिटला.

आपल्याकडची अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया किंवा अभियांत्रिकीचे कॅप राउंड आठवा. तिथेही पसंतीक्रम भरतात, पण फक्त विद्यार्थी. महाविद्यालयाला मत नसते. त्याच्या वतीने गुण बोलतात. को-ऑपमध्ये दोन्ही बाजूंना तोंड आहे, आणि गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

बेरजेची ही रीत न्याय्य दिसते, पण तिच्यात एक भोक आहे. समजा, सायलीने ‘क’ कंपनीला पहिली पसंती दिली आणि ‘ख’ला दुसरी. ‘क’ने तिला तिसरे ठेवले, ‘ख’ने पहिले. ‘ख’शी बेरीज तीन, ‘क’शी चार. म्हणून सायली ‘ख’कडे गेली. इकडे ‘क’च्या यादीतले पहिले दोघे दुसरीकडे एक अधिक एकने लागले, आणि ‘क’च्या पदरात चौथ्या क्रमांकाचा मुलगा पडला. सायलीला ‘क’ हवी होती, ‘क’ला त्या मुलापेक्षा सायली हवी होती, तरी दोघांची गाठ पडली नाही. आता पुढच्या वेळी सायली काय करेल? खरी पसंती लिहिण्याऐवजी जी कंपनी नक्की घेणार तिला पहिली लिहील. किंवा कुणी तरी हळूच विचारेल, “तू मला एक दे, मी तुला एक देतो.” पसंतीक्रमाचा सौदा झाला की यंत्रणा फक्त शिक्का मारायला उरते.

या भोकाचा अभ्यास झालेला आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ साली दाखवून दिले की अशी रीत शक्य आहे ज्यात सायली आणि ‘क’सारखी हुकलेली जोडी उरतच नाही. त्यांनी उदाहरण घेतले ते महाविद्यालयीन प्रवेशाचे आणि लग्नाचे. आपल्या समाजाला दोन्ही विषयांत मार्गदर्शनाची गरज नाही असे आपण समजतो, हा भाग वेगळा. रीत साधी आहे. विद्यार्थी पहिल्या पसंतीकडे अर्ज करतो. कंपनी आलेल्यांतले उत्तम तेवढे तात्पुरते राखते, बाकीच्यांना नकार देते. नकार मिळालेला दुसऱ्या पसंतीकडे जातो. तो आधी राखलेल्यापेक्षा सरस असेल तर कंपनी बदल करते. कुणाला नवा नकार मिळेनासा झाला की तात्पुरते ते पक्के. अर्जाची सुरुवात विद्यार्थ्याने केली तर खोटी पसंती लिहून त्याला काही लाभ होत नाही, हेही पुढे सिद्ध झाले. अमेरिकेतले नवे डॉक्टर १९५० च्या दशकापासून अशाच केंद्रीय जुळवणीने रुग्णालयांत जातात. शॅप्ली आणि आल्विन रॉथ यांना २०१२ साली याच विषयासाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

रॉथ यांनी १९९१ साली ब्रिटनमधल्या नव्या डॉक्टरांच्या प्रादेशिक जुळवण्यांची तुलना केली. न्यूकॅसल आणि बर्मिंगहॅममध्ये दोघांच्या क्रमांकांचा गुणाकार घेऊन जुळवत. नेमका तोच सौदा तिथे सुरू झाला. मंडळी आधीच ठरवून यायला लागली आणि दोन्ही योजना मोडीत निघाल्या. पण केंब्रिज आणि लंडन हॉस्पिटल इथल्या रीतींतही भोक होते, आणि त्या टिकल्या. लहान बाजार, एकाच संस्थेतली माणसे, रोज एकमेकांच्या तोंडाला तोंड. तिथे शब्द मोडणे महागात पडते.

वॉटर्लूची बेरीज का टिकली, याचे उत्तर मी अशाच ओळखीच्या नात्यात शोधतो. कंपनीला चार महिन्यांनी परत यायचे आहे. विद्यार्थ्यालाही पाच-सहा वेळा त्याच खिडकीशी उभे राहायचे आहे. मधले कार्यालय दोघांनाही ओळखते. जुळलेली नोकरी विद्यार्थ्याने नाकारली तर तो गंभीर दोष मानतात. कामाच्या शेवटी कंपनी विद्यार्थ्याचे मूल्यमापन करते आणि विद्यार्थीही कंपनीला गुण देतो. ते गुण पुढच्या तुकडीला अर्ज करण्याआधी दिसतात. माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच. वेगवेगळ्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना तासाला किती मिळाले, हे विद्यापीठ जाहीर करते. ऑन्टारिओ सरकार पात्र मालकांना विद्यार्थ्याच्या प्रत्येक कामाच्या सत्रामागे तीन हजार डॉलरपर्यंत करसवलत देते. फुकट राबवून घेण्याचे कारणच उरत नाही.

तिथे सगळे गोड आहे, असे मी म्हणत नाही. पहिल्या कामासाठी अर्ज करणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाकडे दाखवायला काही नसते, आणि कंपन्यांना अनुभवी हवे असतात. ढीगभर अर्ज करून एकही बोलावणे न आलेली मुले त्या इमारतीतही असतात. शिवाय विद्यार्थ्याला को-ऑपचे वेगळे शुल्क भरावे लागते.

आपल्याकडे अनुभव अगदीच नाही, असेही नाही. बिट्स पिलानीची ‘प्रॅक्टिस स्कूल’ १९७३ पासून चालू आहे, आणि आता तिचे विद्यार्थी गोव्याच्या कॅम्पसमधूनही जातात. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे, आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवीधर अभियंते आले. गेल्या काही वर्षांत पैसेही आले. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला महिना सहा हजार, पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. त्याच वर्षी पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना पाच हजार. आपल्याकडे कायदा आहे, योजना आहे, श्रेयांक आहेत. नाही ती फक्त दोन्ही बाजूंना विचारण्याची सवय.

मला माहीत असलेल्या एका कारखान्याने वाणिज्य शाखेच्या पाच मुली ओजेटीला घेतल्या आणि सहा आठवडे त्यांच्याकडून जुनी बिले संगणकात भरून घेतली. प्रमाणपत्रावर ‘वित्तीय विश्लेषण’ असे छापले होते. पुढच्या वर्षी त्याच कारखान्याला त्याच महाविद्यालयाने पुन्हा पाच मुली दिल्या, कारण पहिल्या पाच जणींना कुणी काही विचारलेच नव्हते.

म्हणून या व्यासपीठावरून माझ्या तीन मागण्या आहेत. काम, विद्यावेतन आणि मार्गदर्शकाचे नाव लिहून दिल्याशिवाय कोणत्याही कंपनीला विद्यार्थी देऊ नका. मुलाखत झाल्यावर दोन्ही बाजूंकडून पसंतीक्रम घ्या. साठ मुले आणि वीस कंपन्या असतील तर त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, एक एक्सेलचा तक्ता आणि एक मोकळी दुपार पुरते, आणि रीत वापरायचीच तर गेल-शॅप्लीची वापरा. आणि काम संपल्यावर विद्यार्थ्यांनी कंपनीला दिलेले गुण पुढच्या तुकडीला खुले करा.

आपल्यापैकी जे तयार आहेत त्यांनी आज सायंकाळच्या चर्चासत्रात आपापल्या महाविद्यालयाचे नाव नोंदवावे. येत्या सत्रात एका जिल्ह्यातल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून अशी एक फेरी घ्यावी आणि पुढच्या अधिवेशनात तिचा अहवाल, अपयशासकट, मांडावा, अशी माझी विनंती आहे.