आमच्या घरचा रतीब
(मंडळाच्या उत्सवात केलेले भाषण)



दिवाळी पाडव्याला बेळगावात शिंगे रंगवून, मोरपिसे बांधून म्हशी पळवतात, ते तुम्ही पाहिलेच आहे. उरलेले ३६४ दिवस कुणी पाहत नाही, म्हणून त्यांचेच सांगते.

आमच्या सहा म्हशी. पहाटे चारला आई शेण काढी, सरकी पेंडीचे आंबोण ठेवी, रेडकू सोडी, मग धार. बाबा सायकलला किटल्या अडकवून रतीब घालायला जात. "पाणी घातलंय का?" असे रोज विचारणारी घरे महिन्याचे पैसे मात्र पुढे ढकलत! म्हैस गाभण राहिली की विण्याला दहा महिने. मध्ये ती आटते. दूध बंद, वैरण चालूच.

आमची एक पंढरपुरी म्हैस आईशिवाय कुणाला पान्हा सोडत नसे. बाबांनी आईचे लुगडे पांघरून पाहिले, ती फसली नाही. खानापूरला आईचे वडील वारले, तेव्हा आई सकाळची धार काढून गेली आणि संध्याकाळच्या धारेला परतली. डोळे पुसतच म्हशीखाली बसली. दहाव्यालाही तसेच. मला त्या म्हशीचा फार राग येई. त्याच महिन्यात माझी कॉलेजची फी भरायची होती.

आता पिशवीच्या दुधामुळे रतीब सुटले. भाऊ दोनच म्हशी ठेवतो. वहिनी नोकरीला जाते, धार तोच काढतो. आई ऐंशीची आहे. गोठ्याच्या दारात खुर्चीवर बसते आणि धारेच्या आवाजावरून सांगते, "अजून आहे रे, सगळं काढलं नाहीस."