शेळी काट्यावर चढवा

(जिल्हा मेळाव्यातील दुपारच्या बैठकीत झालेले भाषण)



सकाळपासून कापसाचं बोलणं चाललंय. भावाचं झालं, बोंडअळीचं झालं, कर्जाचं झालं. मला जेवणानंतरची वेळ मिळाली आणि विषय मिळाला शेळ्यामेंढ्यांचा. विषय ऐकल्यावर चारपाच जण तंबाखू मळायला बाहेर गेले, ते मी पाहिलं. त्यांचा राग नाही. शेळी हा मंडपात बसून बोलायचा विषय आहे असं आपल्याला वाटतच नाही. ती बाईची, म्हाताऱ्याची, नाहीतर शाळा सुटलेल्या पोराची. पण कापसाचा पैसा हातात यायच्या आधी घरात आजारपण आलं, तर दावणीचं काय सुटतं? बैल सुटत नाही, शेळी सुटते. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीवर शेळ्या निघाल्या. एवढ्या मोठ्या धनाचं शिक्षण आपल्याला कोणी दिलं? कापसावर औषध मारायला सांगणारे दारात दहा येतात, करडू हगायला लागलं तर कोणाला विचारायचं?

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आईला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून एक बोकड काढला. व्यापारी आला, पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवली, म्हणाला ४,८०० रुपये. त्याच्या बोटांत चाळीस वर्षांचा काटा आहे, आपल्याकडं काय आहे? धाकट्या भावानं कापूस मोजायचा ताणकाटा आणला, बोकडाला पोत्याच्या झोळीत घालून टांगला. २४ किलो भरला. जित्या वजनाच्या निम्म्याहून थोडं कमी मटण निघतं, म्हणजे ११ किलोच्या आतबाहेर. त्या आठवड्यात गावात मटण ७०० रुपये किलो होतं. हा हिशेब आईनंच तोंडी केला, ती शाळेत गेलेली नाही. त्याच व्यापाऱ्यानं त्याच ओट्यावर ६,२०० मोजले. भांडण नाही, आरडाओरड नाही. त्याला त्याचा नफा सुटला, आम्हाला आमचं मोल मिळालं. कापसाच्या मापात एक किलो मारला तर आपण बाजार बंद पाडतो, आणि बोकड मात्र डोळ्यांच्या अंदाजावर देऊन टाकतो.

आता रोगाचं. पीपीआर नावाचा रोग आहे, शेळ्यांची बुळकांडीच म्हणा. ताप, नाकाडोळ्यांतून शेंबूड, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठवड्यात गोठा रिकामा. आपल्या देशात तो १९८७ साली तामिळनाडूत पहिल्यांदा ओळखला गेला. त्याची लस आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेली आहे, आणि एक टोचणी निदान तीन वर्षं पुरते. तरी आमच्या नऊ शेळ्या एका पावसाळ्यात गेल्या. लस तालुक्याला बर्फात होती, आम्ही गावात होतो.

असं का होतं ते समजून घ्या, नुसत्या शिव्या देऊन भागत नाही. लसीची एक कुपी पन्नास-शंभर जनावरांची असते. एकदा ती पातळ केली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर वाया. तुम्ही चार शेळ्या घेऊन गेलात तर डॉक्टर कुपी फोडत नाही, त्याचंही चूक नाही. म्हणून गावातल्या बायांनी यादी करावी, कोणाच्या किती ते लिहावं, आणि एका सकाळी ऊन चढायच्या आत सगळ्या शेळ्या पारावर आणाव्यात. दोनशे जनावरं उभी असतील तर डॉक्टरला यावंच लागतं, आणि नाही आला तर विचारायला आपल्या हातात कागद असतो. आंत्रविषाराची टोचणी मात्र दरवर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर. कोवळं हिरवं गवत फुटलं की हा रोग सगळ्यात धष्टपुष्ट करडू आधी उचलतो.

जंताचं औषध आपण सणासारखं सगळ्यांना सरसकट पाजतो. त्यानं जंतच औषधाला सरावतात. शेळीची खालची पापणी ओढून पाहा. आतून लाल असेल तर राहू द्या, पांढरी पडली असेल तर तिला पाजा. रक्त पिणाऱ्या जंतासाठी ही खूण दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढपाळांना शिकवली गेली. आपल्या बायांना ती अर्ध्या तासात येते, मी शिकवून पाहिलंय.

ज्वारीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. पावसानं ताण दिल्यावर खुरटलेली गुडघ्याखालची ज्वारी, किंवा कापणीनंतर खोडाला फुटलेले कोवळे धुमारे, यात विष असतं. जनावर खातं आणि घटकाभरात धापा टाकत पडतं. किराळ लागली म्हणतात ती हीच. त्यावर इंजेक्शन आहे, पण डॉक्टर येईपर्यंत जनावर राहत नाही. तेव्हा चारायला सोडायच्या आधी रान बघा. वाळलेल्या कडब्याचं एवढं भय नाही.

कापूसवाल्यांना उलट सांगतो. शेवटची वेचणी झाली की शेळ्यामेंढ्या पऱ्हाटीत सोडा. न उमललेल्या, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत बसलेली असते. मेंढरं ती बोंडं खातात, आणि लेंडी-मूत रानात टाकून जातात. फवारणी ताजी असेल तर मात्र सोडू नका. पूर्वी धनगराला धान्य देऊन आपण मेंढ्या रानात बसवून घ्यायचो. आता त्याच धनगराला बांधावरून हाकलतो आणि खताच्या पोत्यासाठी रांगेत उभे राहतो. असो.

योजना आहेत. दहा शेळ्या, एक बोकड. माझा योजनेला विरोध नाही, पण शेळ्या आधी आणि शिक्षण कधीच नाही, हे उलटं आहे. फलटणला निंबकरांच्या संस्थेत सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणला. पण तिथंच थांबले असते तर ते कागदावर राहिलं असतं. त्या मेंढ्या मेंढपाळांच्या कळपात सोडल्या, आणि तिथं त्यांचं काय होतं ते मागं फिरून पाहिलं. कारण कोकरू दुसरं झालं तरी आईचं दूध तेवढंच, वरून पाजायला कोणीतरी शिकवायला लागतं. करडू जन्मल्यावर पहिल्या तासात चीक, नाळेला आयोडीन, एवढ्यानं किती जीव वाचतात! चीक पाजू नये म्हणणाऱ्या आमच्या आजीला मी हे पटवू शकलो नाही, पण तुम्ही तिच्याएवढ्या हट्टी नसाल.

माझी मागणी एकच. प्रत्येक गावानं शेळ्या राखणारी एक बाई निवडावी, आणि तिचं शिक्षण, काटा आणि औषधाची पेटी याचा खर्च गावानं वर्गणीतून करावा. बाई निवडा. पुरुष शिकला की तालुक्याला दुकान टाकतो.

मंडपाच्या मागं कडुनिंबाला ताणकाटा टांगलाय. शेजारच्या वस्तीवरून तीन बोकड आणलेत. आधी नजरेनं अंदाज सांगायचा, मग वजन करायचं. चला, बाया पुढं या.