तपासाची संथ चाल

चोर कसा पकडला गेला ही गोष्ट ऐकण्यास कोणास आवडत नाहीं? आजीच्या तोंडच्या चतुर प्रधानाच्या गोष्टींपासून तों छापील गुप्तहेरकथांपर्यंत ही आवड एकसारखी चालत आलेली आहे. मराठींत ती बाबुराव अर्नाळकरांनीं घरोघर पोंचविली. त्यांचे झुंजार व काळापहाड हे नायक पाहतां पाहतां वेष पालटीत, संकटांतून सुटत आणि अखेरच्या पानावर खलपुरुषास गांठीत. हजारावर पुस्तकें एका हातानें लिहिलीं जावींत व तीं वाचनालयांतून पानें सुटेपर्यंत वाचलीं जावींत, यावरूनच त्या वेगवान कथेचें सामर्थ्य ध्यानांत येतें. असें असतां, ज्या कथेंत मयताचें नांवसुद्धां महिनोन्‌महिने कळत नाहीं व ज्या कथेचा नायक पोटाच्या दुखण्यानें कुरकुरणारा एक पगारी पोलीस अंमलदार आहे, अशा कथेस जगभर वाचक मिळावे, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विलक्षण वाटते.

परंतु ती खरी आहे. स्वीडन देशांतील माय श्योवाल व पेर वाहलो या जोडीनें १९६५ पासून १९७५ पर्यंत मार्टिन बेक नांवाच्या अंमलदाराविषयीं दहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या कादंबरीचें नांव ‘रोझाना’. कालव्यांतील गाळ उपसतांना एका तरुण स्त्रीचें प्रेत वर येतें. ती कोण, कोठची, हें कोणासच ठाऊक नाहीं. मग पत्रें जातात, तारा जातात, उत्तरांची वाट पाहण्यांत दिवस उलटतात. पुढें ती ज्या बोटीवर होती त्या बोटींतील उतारूंनीं सहज काढलेलीं छायाचित्रें देशोदेशींहून मागविलीं जातात व तीं पुन्हां पुन्हां पाहून एक चेहरा हुडकला जातो. येथें दैवी बुद्धिमत्ता कोठेंच नाहीं. आहे तो नेट, आहे ती नोंदवही, आणि आहे सहकाऱ्यांची चिकाटी.

या दहाहि पुस्तकांस त्या जोडीनें मिळून एकच उपनांव दिलें होतें. ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ असा त्याचा अर्थ होतो. खून दहा प्रकारचे. मग गुन्हा एकच कसा? त्यांचा रोंख असा कीं, सुखवस्तु व सुव्यवस्थित म्हणविणाऱ्या समाजानें दुबळ्यांची जी उपेक्षा केली, तोच मूळ गुन्हा होय. त्यांचें राजकीय मत सर्वांस पटेलच असें नाहीं. पण गुन्ह्याकडे पाहण्याची ही दृष्टि पुढील लेखकांनीं उचलली. हेनिंग मान्केल यांनीं १९९१ सालीं कुर्ट वालांडर हा अंमलदार निर्माण केला. त्याचें ठाणें इस्टाड या समुद्रकांठच्या लहानशा गांवीं आहे. पहिल्याच कथेंत एका वृद्ध शेतकरी जोडप्यावर प्राणघातक हल्ला होतो. मरतां मरतां ती म्हातारी ‘परदेशी’ एवढाच शब्द उच्चारते. तो शब्द ठाण्याच्या भिंतींबाहेर फुटतो, निर्वासितांच्या छावणीस आग लागते, आणि खुनाशीं कांहींएक संबंध नसलेला एक निर्वासित गोळीस बळी पडतो. तपास संथ कां असावा, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

मराठी श्रोत्यास इस्टाड दूरचें वाटेल. पण समुद्रकांठचें लहान गांव, तेथील लहान ठाणें आणि त्या ठाण्याच्या हद्दींत उतरलेलें एक प्रचंड पातक, हें चित्र त्याच्या अगदीं जवळचें आहे. १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें. त्याच्या दक्षिण भागांत राजपुरीच्या खाडीच्या मुखाशीं दिघी आहे आणि दिवेआगर व श्रीवर्धन यांच्या दरम्यान शेखाडी आहे. एका बाजूस सुपारीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूस खडक व समुद्र. या किनाऱ्यावर रात्रीं सोनें-चांदी उतरविण्याचा चोरटा धंदा जुना होता. ९ जानेवारी १९९३ रोजीं दिघीस, आणि ३ व ७ फेब्रुवारी १९९३ रोजीं शेखाडीस जो माल उतरला, त्यांत मात्र शस्त्रें व स्फोटकें होतीं. १२ मार्च रोजीं, शुक्रवारीं, मुंबईंत ठिकठिकाणीं स्फोट झाले व २५७ माणसें प्राणास मुकलीं.

त्या गुन्ह्याचा तपास कसा लागला, हें पाहिलें म्हणजे स्वीडनच्या कथाकारांची चाल कल्पनेची नव्हे, हें पटतें. वरळीस रस्त्यावर टाकून दिलेली एक मारुती व्हॅन पोलिसांस सांपडली. तिच्यांत रायफली व हातबॉम्ब होते. गाडीच्या नोंदणीवरून माग माहीमच्या अल-हुसैनी इमारतींत मेमन कुटुंबाच्या बिऱ्हाडापर्यंत गेला. घर बंद होतें. माणसें आधींच देश सोडून गेलीं होतीं. झडतींत स्कूटरची एक किल्ली मिळाली. नायगांवांत न फुटतां राहिलेल्या, स्फोटकांनीं भरलेल्या स्कूटरला ती किल्ली बसली. एक नोंदणी क्रमांक व एक किल्ली! वेषांतर नाहीं, भुयार नाहीं. अशाच साखळीच्या कड्या जुळवीत हा माग रायगडच्या किनाऱ्यास येऊन पोंचला.

येथें आल्यावर जें उघडकीस आलें, तें बॉम्बस्फोटाइतकेंच विचार करावयास लावणारें होतें. दिघीस माल उतरला त्या रात्रीं पोलिसांच्या एका तुकडीनें गोंडघर फाट्यावर मालाच्या गाड्या अडविल्या होत्या. रोकड हाताशीं नव्हती. म्हणून लांचेच्या हमीदाखल चांदीच्या पांच विटा दिल्या गेल्या व गाड्या पुढें सुटल्या. पुढें खटल्यांत कस्टम व पोलीस या दोन्ही खात्यांतील माणसें दोषी ठरलीं. गाडींत काय आहे, हें पाहण्याची तसदी त्या रात्रीं घेतली गेली असती तर मुंबईचें काय झालें असतें, हा प्रश्न कोणाहि संसारी माणसास अस्वस्थ करील.

झटपट कथेंत या फाट्यास स्थान नाहीं. तेथें दुष्ट तेवढा दुष्ट असतो. त्यास मारला कीं जग निर्मळ होतें. संथ कथा मात्र त्या फाट्यावर थांबते. कंदिलाच्या उजेडांत विटा कोणीं मोजल्या, कोणी पाहिलें न पाहिल्यासारखें केलें, दुसऱ्या दिवशीं ठाण्याच्या दैनंदिनींत काय लिहिलें गेलें, हें ती विचारते. ‘चांदीच असेल, नेहमींचेंच आहे,’ असें म्हणून किती भल्या माणसांनीं मान फिरविली असेल, याचा ती हिशोब मांडते. सावकाशीमुळें वाचकास या लहान माणसांच्या लहान तडजोडी दिसूं लागतात. आणि मोठें पातक बहुधा त्यांच्याच खांद्यावरून किनाऱ्यास लागलेलें असतें.

या संथपणास दुसरीहि एक बाजू आहे. मुंबईच्या खटल्यांत १२३ आरोपींवर निकाल झाला. २००६-०७ सालीं त्यांपैकीं १०० दोषी ठरले व २३ सुटले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २१ मार्च २०१३ रोजीं लागला. म्हणजे वीस वर्षें! ज्यांची माणसें गेलीं त्यांनीं वीस वर्षें वाट पाहिली, आणि जे निर्दोष ठरले त्यांच्या आयुष्यांतहि तींच वर्षें गेलीं. तपासाची सावकाशी निराळी आणि न्यायाची दिरंगाई निराळी. पहिली एकेका पुराव्याची पारख करते. दुसरी सर्वांसच शिणविते. त्या काळच्या ‘टाडा’ कायद्यानें वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरील कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत असे, आणि त्यावर मोठा वाद झाला. कबुलीपेक्षां किल्ली बरी. कारण किल्लीस मारझोड करून बोलतें करतां येत नाहीं. चांगली पोलीसकथा वाचकास नेमका हाच फरक शिकविते.

तपास निष्फळहि होऊं शकतो, हेंहि ती लपवीत नाहीं. खुद्द स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा खून २८ फेब्रुवारी १९८६ रोजीं भर रस्त्यांत झाला. चौंतीस वर्षांनीं, २०२० सालीं, कोणावरहि गुन्हा शाबीत न होतां तो तपास बंद करण्यांत आला. अशा देशांतील वाचकास चुटकीसरशीं उलगडणारें रहस्य खोटें वाटावें, यांत नवल तें काय?

मनोरंजनास वेगवान कथा असावी. दिवसभराच्या श्रमानंतर काळापहाडाबरोबर तासभर हिंडून येण्यांत दोष नाहीं. परंतु ज्या घरांत मुलें वाढत आहेत, त्या घरच्या कपाटांत एखादी संथ कथाहि असावी. गुन्हेगारास ताबडतोब फांशी द्या, अशी आरोळी रस्त्यांत उठते तेव्हां, ‘पुरावा कोणता?’ असें विचारणारा एखादा तरुण त्यांतून निपजेल. आणि उद्यां कोठल्या तरी नाक्यावर रात्रपाळीस उभें राहण्याची पाळी त्याच्यावर आली, तर समोरच्या गाडीची ताडपत्री उचलून आंत पाहण्याची सवय त्याला असेल.