पडद्यावरचे झीलकरी

पोवाडा आपण सर्वांनी ऐकलेला आहे. शाहीर पुढे उभा असतो. डफ त्याच्या हाती, फेटा त्याच्या डोक्याला आणि नावही त्याचेच होते. पण त्याच्या मागे दोघेतिघे झीलकरी उभे असतात. शाहिराचा दम संपतो तिथे ते सूर उचलून धरतात. ‘जी जी’ म्हणण्यापलीकडे यांना काम ते काय, असं वरवर पाहणाऱ्याला वाटतं. पण एकदा त्यांना खाली बसवून पहा! पोवाडा लगेच लंगडा होतो. तमाशातल्या गवळणीचंही तेच. कृष्ण कितीही देखणा असो, गौळणी कितीही चतुर असोत. मावशी कमरेवर हात ठेवून पुढे आल्याशिवाय गवळणीला रंग चढत नाही.

चित्रपटातही असे झीलकरी असतात. नायक नव्हे, नायिका नव्हे, अशा भूमिका करणारी ही माणसे. हिंदीत त्यांना ‘चरित्र अभिनेते’ म्हणतात. आपण साधेपणाने ‘दुय्यम भूमिका करणारे’ म्हणतो. सावकार, सासू, म्हातारा बाप, घराची मालकीण, नात्याने आश्रित राहिलेली एखादी आत्या, असली त्यांची सोंगे. जाहिरातीवर त्यांचे चित्र नसते आणि असलेच तर कोपऱ्यात असते. आज आपल्याशी मला या कोपऱ्यातल्या माणसांविषयी बोलायचे आहे. तीन जुने चित्रपट मी त्यासाठी घेतो: एक मराठी, एक हिंदी आणि एक बंगाली.

पहिला आपल्या घरचा, ‘संत तुकाराम’. पुण्याच्या प्रभात कंपनीने तो १९३६ साली काढला. दिग्दर्शक होते दामले आणि फत्तेलाल. मुंबईला तो एका चित्रगृहात पन्नासहून अधिक आठवडे चालला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा लोकांनी देवासारखे मानले, आणि ते योग्यच होते. पण मी आपल्याला विचारतो, त्या घरात चूल कोण पेटवत होतं? जिजाई. ही भूमिका केली गौरी नावाच्या बाईंनी. त्या काही शिकूनसवरून आलेल्या नटी नव्हत्या. प्रभातमध्येच लहानसहान कामे करता करता त्या पुढे आल्या.

त्यातला एक प्रसंग आठवून पहा. पोर आजारी आहे. घरात औषधाला पैसा नाही. नवरा भजनात. जिजाई एका हाताने पोराला धरते, दुसऱ्या हातात पायताण घेते आणि तडक देवळात जाऊन पांडुरंगालाच जाब विचारते! आता ही गोष्ट एखाद्या सराईत नटीने केली असती तर ती एक तर भडक झाली असती, नाही तर हास्यास्पद. गौरीबाईंच्या चेहऱ्यावर देवाचा अपमान नाही. आपल्याच घरातल्या कर्त्या माणसावर बाई रागावावी, तसा तो राग आहे. ज्याच्यावर हक्क असतो त्याच्यावरच माणूस असं रागावतं. म्हणजे तुकोबांची भक्ती एका तऱ्हेची आणि जिजाईची दुसऱ्या तऱ्हेची, पण भक्तीच. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि जिजाई मुलाबाळांसाठी मागे राहते. संताचे मोठेपण आपल्याला पटते, कारण त्या मोठेपणाची किंमत मोजणारे माणूस शेजारीच उभे आहे. जिजाई काढून टाका. तुकोबा हवेत तरंगणारे चित्र होऊन राहतील.

दुसरा चित्रपट ‘मदर इंडिया’, १९५७ चा, मेहबूब खान यांचा. नर्गिस यांची राधा सर्वांच्या लक्षात आहे. मी बोलतो आहे तो सुखीलालाबद्दल. हा सावकार रंगवला कन्हैयालाल यांनी. गंमत अशी, की मेहबूब खान यांनीच ही गोष्ट आधी १९४० साली ‘औरत’ या नावाने काढली होती, आणि त्यातही सुखीलाला कन्हैयालालच होते. सतरा वर्षांनी राधा बदलली, मुलगे बदलले, चित्र रंगीत झाले. सावकार मात्र तोच राहिला. त्या जागी दुसरा माणूस दिग्दर्शकाला घ्यावासा वाटला नाही!

काय होतं त्या नटात? तो डोळे वटारत नाही. गडगडाटी हसत नाही. तो गोड बोलतो, कळवळून बोलतो, जणू काही आपलेच नुकसान होत आहे. लग्नासाठी सासूने पाचशे रुपये घेतलेले असतात. बोली काय झाली होती यावर वाद पडतो. पंच सावकाराच्या बाजूने कौल देतात आणि पिकाचा तीन चतुर्थांश हिस्सा नुसत्या व्याजापोटी जाऊ लागतो. मुद्दल तसेच! या प्रसंगात कन्हैयालाल यांच्याकडे पहा. जो कागद वाचू शकतो आणि समोरचा वाचू शकत नाही, अशा माणसाचा निवांतपणा त्यांच्या अंगात भिनलेला आहे. त्यांना आवाज चढवायची गरजच नाही. पुढे पुराने सारे धुऊन नेल्यावर राधा चिखलाने माखलेली, मुलांच्या पोटासाठी त्याच्या दारी येते, आणि हा गृहस्थ तिच्या भुकेचे मोल करू लागतो. तिथे आपल्या अंगावर काटा येतो, तो त्याच्या क्रूरपणामुळे नव्हे. त्याच्या सभ्य आवाजामुळे.

शेतकरी बंधूंनो, इथे कलेचा प्रश्न तुमच्या-माझ्या जगण्याला येऊन भिडतो. महाराष्ट्रात सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा २०१४ साली आला. कायदा चांगलाच आहे. पण कागद न वाचता सही ठोकण्याची खोड कायद्याने जात नाही. दुष्ट माणूस दुष्टासारखा दिसतो, अशी समजूत पुष्कळ चित्रपटांनी आपली करून दिली आहे. कन्हैयालाल यांनी ती खोडून काढली. गोड बोलून कागद पुढे सरकवणारा माणूस ओळखायला शिकवणारा असा दुसरा मास्तर मिळायचा नाही!

तिसरा चित्रपट बंगालीतला, ‘पथेर पांचाली’. सत्यजित राय यांचा हा पहिला चित्रपट १९५५ साली लागला. तो विभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या कादंबरीवरून घेतलेला आहे. त्यात इंदिर ठाकरून नावाची एक म्हातारी आहे. कंबरेत वाकलेली, दात गेलेले, अंगावर फाटके वस्त्र. नात्यातल्या घरी आश्रयाला राहिलेली. कादंबरीत ही म्हातारी लवकर मरते. राय यांनी तिला पुढेपर्यंत जिवंत ठेवले, कारण तिचे मरण मुलांनी पाहावे असे त्यांना वाटले. हे काम केले चुनीबाला देवी यांनी. त्या एके काळी रंगभूमीवर होत्या. पुढे कित्येक वर्षे काम सुटलेले. वय ऐंशीच्या घरात. आणि ऐका, चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच त्या वारल्या.

घरातली सून म्हातारीला कंटाळली आहे. सून वाईट नाही, बरं का. ती गरिबीने गांजलेली आहे. शेवटच्या खेपेला म्हातारी आसरा मागायला येते आणि नकार मिळतो. ती पाणी मागते. सून म्हणते, स्वतः घे. म्हातारी पाणी घेते, थोडे पिते, आणि भांड्यात उरलेले पाणी दाराशी लावलेल्या एका रोपट्याला घालते. मग आपले गाठोडे उचलून निघून जाते. बस्स, एवढेच. रडणे नाही, तळतळाट नाही. ज्या घराने हाकलले त्या घरच्या रोपाला पाणी घालून ती जाते! नंतर बांबूच्या बनात ती बसलेली मुलांना दिसते. मुलगी हलवून पाहते आणि म्हातारी कलंडते. तिचा लोटा घरंगळत जातो. मृत्यू काय असतो हे त्या दोन पोरांना, आणि आपल्यालाही, शब्दावाचून कळते.

श्रोतेहो, अशी इंदिर ठाकरून आपल्या प्रत्येक आळीत आहे. कुणाची चुलती, कुणाची विधवा आत्या. पडवीच्या कोपऱ्यात तिचे अंथरूण असते आणि घरातल्या बोलण्यात तिचा भाग नसतो. तो चित्रपट पाहून परतलेल्या माणसाने त्या कोपऱ्याकडे एकदा नव्याने पाहिले, तर चुनीबाला देवींचे काम कारणी लागले म्हणायचे.

आता कुणी म्हणेल, या नटांना दुय्यम कामे मिळाली ती त्यांच्यात नायकाचे गुण नव्हते म्हणून. ललिता पवार यांचे उदाहरण घ्या. त्या नायिकेची कामे करीत होत्या. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने त्यांच्या चेहऱ्यावर लकव्याचा परिणाम झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची वाट बंद झाली. दुसरी एखादी घरी बसली असती. या बाईंनी १९४४ च्या ‘रामशास्त्री’त आनंदीबाई उभी केली. पुढे खाष्ट सासू म्हणून त्यांनी दोन पिढ्यांना धाक घातला. आणि त्याच बाईंनी १९५५ च्या ‘श्री ४२०’ मध्ये केळी विकणारी मायाळू गंगामाई केली. १९५९ च्या ‘अनाडी’त वरून कडक आणि आतून मेणाहून मऊ अशी मिसेस डिसा केली. त्या भूमिकेला फिल्मफेअरचा पुरस्कारही मिळाला. अधू डोळ्याचे त्यांनी शस्त्र केले, आणि हवे तेव्हा ते शस्त्र म्यानही केले.

मग ही कामे पाहायची कशी? मी तीन साध्या खुणा सांगतो. पहिली: एक पात्र बोलत असेल तेव्हा ऐकणाऱ्याकडे पहा. बोलणे लेखकाने लिहून दिलेले असते. ऐकणे नटाला स्वतः करावे लागते. दुसरी: हाताकडे पहा. जिजाईच्या हातात पायताण आहे, इंदिरच्या हातात पाण्याचे भांडे. माणूस तोंडाने खोटे बोलेल, पण हात सहसा खोटे बोलत नाहीत. तिसरी: चित्रपट संपल्यावर ते पात्र मनातल्या मनात काढून टाका आणि गोष्ट उभी राहते का ते पहा. पूर्वी यात्रेतल्या तंबूत एकदा पाहिलेला चित्रपट पुन्हा भेटेलच असे नव्हते. आता जुने चित्रपट घरात, हातातल्या फोनवरसुद्धा पुन्हा पाहता येतात. तेव्हा एकदा गोष्टीसाठी पहा आणि दुसऱ्यांदा या माणसांसाठी पहा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेच्या स्नेहसंमेलनात राजाचे काम देखण्या, धीट मुलाला मिळते. भालदाराचे काम मागच्या बाकावरच्याला. आणि तो भालदार दोन तास काठी धरून भिंतीसारखा उभा राहतो. त्याला एवढेच विचारा, ‘बाळ, राजा रागावला तेव्हा भालदाराला काय वाटलं असेल?’ हा प्रश्न ऐकलेला मुलगा नुसता उभा राहणार नाही. तो दरबारात उभा राहील. आणि मोठेपणी जग म्हणजे केवळ पुढे उभ्या असलेल्यांचे नव्हे, हे त्याला वेगळे शिकवावे लागणार नाही.

आपल्यापैकी बहुतेकजण आयुष्यात झीलकरीच असतो. शाहीर एखादाच. पण सूर धरायचा तो नेटाने धरावा, एवढे या मंडळींनी आपल्याला करून दाखवले आहे. पुढच्या वेळी चित्रपट पाहाल तेव्हा कोपऱ्यातल्या माणसाचे नाव काय, तेवढे विचारून ठेवा.