गृहिणीचें पान

आषाढांत पुरेसा पाऊस पडला म्हणजे गोंदिया जिल्ह्यांतील दवनीवाड्याच्या शिवारांत धानाची रोवणी सुरू होते. दिवसभर चिखलांत कमरेंत वांकून रोपें लावण्याचें हें काम मुख्यतः बायकांचें. पहाटे उठून घरच्यांचा स्वयंपाक करावयाचा, आपण चहाच्या घोटावर बांधीकडे निघावयाचें, दुपारीं डब्यांतला भात नि पातळ वरण खावयाचें, आणि रात्रीं सर्वांचीं पानें उठल्यावर पातेल्यांत उरेल त्यावर निजावयाचें, असा त्या दिवसांत पुष्कळ घरांतील बायकांचा क्रम असतो. भाजी बहुधा तोंवर संपलेली असते. अशी बाई संध्याकाळीं मुलांवर खेंकसली कीं शेजारीपाजारी ठरवून मोकळे होतात, तिचा स्वभावच तापट!

हा निवाडा फार घाईचा आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं १९४४ च्या अखेरीस एक प्रयोग आरंभिला. ३६ निरोगी तरुण स्वखुषीनें त्यांत दाखल झाले आणि सुमारें सहा महिने त्यांना अर्धपोटीं ठेवण्यांत आलें. त्यांचें वजन जवळजवळ चतुर्थांशानें घटलें. परंतु त्याहून लक्षांत ठेवण्याजोगा पालट त्यांच्या मनांत झाला. तीं हसतीखेळतीं माणसें चिडखोर व उदास झालीं, मित्रांचा सहवास त्यांना नकोसा झाला, आणि चित्त अष्टौप्रहर अन्नाभोंवतीं घोटाळूं लागलें. पुढें पोटभर अन्न मिळूं लागल्यावरही कित्येकांची भूक भागेना, आणि शरीरांत आधीं साठली ती चरबी. हा प्रयोग पुरुषांवर झाला. बायकांवर तो घरोघर चालूच आहे, फक्त त्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं.

२०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. लोह कमी पडलें म्हणजे दम लागतो, कामांत लक्ष राहत नाहीं, बारीकसारीक गोष्टींचा त्रागा होतो. त्याच पाहणींत सुमारें पंचमांश स्त्रिया उंचीच्या मानानें फार कृश, तर त्याहून थोड्या अधिक स्थूल निघाल्या.

ह्या दोघी एकमेकींपासून दूर वाटतात, पण तशा त्या नाहींत. शहरांतल्या गृहिणीला अन्नाचा तोटा नसतो. तिलाही नसते ती जेवणाची वेळ. सकाळची न्याहारी डबे भरण्यांत राहते. मुलांच्या ताटांतलें उरलेलें, टाकवत नाहीं म्हणून, ती उभ्या उभ्या संपवते. चार वाजतां घर रिकामें असतें, पोटांत भूक असते आणि मनांत कसलीशी रुखरुख. मग हात चिवड्याच्या डब्याकडे जातो. गोड व तळलेल्या पदार्थानें मनाला घटकाभर बरें वाटतें, हें खोटें नाहीं. परंतु वजन वाढतें, कोणीतरी लग्नघरांत चारचौघींत “किती सुटलीस ग!” म्हणून टोंचतें, आणि दुसऱ्या दिवशीं ती उपास धरते. तो उपास साबुदाण्याच्या खिचडीचा असला तर पोटांत पिष्ट, तूप नि दाण्याचें कूट जातें. निर्जळी असला तर रात्रीं भूक दुपटीनें उसळते. तिच्या जिभेला बोल लावणाऱ्यांनीं हें चक्र एकदां पाहावें. कधीं कधीं तर वजन वाढण्याचें कारण थायरॉईड ग्रंथीचा विकार किंवा चालू असलेलें एखादें औषध असतें; तेव्हां टोमण्याऐवजीं डॉक्टरांकडून तपासणी करवावी. उदासपणा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर त्यासाठींही डॉक्टरांकडे जाण्यांत लाज कसली?

घरांत करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. घरच्या बाईचें पान इतरांबरोबरच मांडावें आणि भाजीचा तिचा वाटा आधींच काढून ठेवावा. पालेभाजीवर लिंबू पिळलें तर तिच्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते; उलट जेवणाला लागूनच घेतलेला चहा त्याला अडथळा करतो, म्हणून तो तास दीड तासानें घ्यावा. आणि रोवणीच्या दिवसांत बांधीवर निघणाऱ्या बाईच्या पदरांत निदान दोन मुठी फुटाणे असावेत. तिला दुपारपर्यंत वांकावयाचें असतें.